उसन्या सामानाचा लिलाव

संक्रांत उलटली की आमच्या नगरच्या हवेला कोरडा, भाजका वास येतो. आता अहिल्यानगर लिहायचं, आणि पावतीबुकावर मी ते पूर्ण लिहितोही. पण तोंडात अजून नगरच येतं. या दिवसांत ज्वारीची ताटं पिवळी पडू लागतात. उसाच्या ट्रॉल्या रस्त्याने डुलत जातात आणि मागे चेपलेल्या कांड्या सोडतात. सावेडीच्या पुढे शेतांच्या तोंडाशी हुरड्याच्या पाट्या लागतात. ज्या घरात दहावी-बारावीचं पोर आहे तिथला टीव्ही मुका होतो. हे सगळं दर वर्षीचंच. पण गेली दोन-तीन वर्षं या वासांत माझ्या नाकाला आणखी एक वास लागून राहिला आहे: सरस, टर्पेंटाइन आणि डांबरगोळ्या.

परवा मी अंगणात उन्हाला बसून बोरं खात होतो. आतून सुनंदा, माझी बायको, म्हणाली, "अहो, नंदूचा फोन होता. रविवारी कोठी उघडायची म्हणतोय. तुमची वही शोधून ठेवा."

कोठी म्हणजे आमच्या नाट्यमंडळाची सामानाची खोली. एका बंद तेलघाण्याच्या मागची, लांबट, वर पत्रा. नंदू म्हणजे मंडळाचा सचिव; वय बावन्न, पण त्याला नंदूच म्हणतात. आणि वही म्हणजे त्या कोठीतल्या सामानाची मी केलेली यादी. वही शोधायची गरज नव्हती. ती कुठे आहे हे मला ठाऊक असतं. मला सगळ्याच वस्तू कुठे आहेत ते ठाऊक असतं, कारण एमआयडीसीतल्या एका लहान कंपनीत मी एकोणतीस वर्षं स्टोअर सांभाळतो आहे. नट, बोल्ट, वॉशर, बेअरिंग. आलं किती, गेलं किती, उरलं किती.

नाटकात मी कधी काम केलेलं नाही आणि करणारही नाही. मंडळाशी संबंध आला तो सुनंदामुळे. ती त्यांचे कपडे शिवते. तालमीला तिला सोडायला जायचो, मग आणायला जायचो, मग दोन फेऱ्यांचं पेट्रोल वाचावं म्हणून तिथेच बसू लागलो. बसलेल्या माणसाला काम मिळतंच. आधी चहाचा हिशेब, मग तिकिटं, आणि दोन वर्षांपूर्वी ही यादी.

यादी करायचं कारण होते गुलाबमामांचे गुडघे.

गुलाबमामा पाथर्डीकडचे. हाडाचे सुतार. दिवसा स्टेशन रोडच्या एका वखारीत काम आणि संध्याकाळी मंडळाचं नेपथ्य. रंगमंचावर उभा राहिलेला प्रत्येक वाडा, चाळ, तुरुंग, दवाखाना आणि एकदा तर समुद्रकिनाऱ्यावरचा दीपस्तंभ त्यांच्या हातचा. मजुरी म्हणून त्यांनी फक्त खिळे, सरस आणि येण्याजाण्याचं भाडं घेतलं. तीस वर्षं फळ्यांवर उकिडवं बसून, घोड्यावर चढून-उतरून (घोडा म्हणजे दिवे बांधायला लागते ती लाकडी दुहेरी शिडी) त्यांचे दोन्ही गुडघे पार झिजले. शेवटच्या दोन स्पर्धांना त्यांना रंगमंचाच्या पायऱ्याही चढवल्या नाहीत. ते खाली, पहिल्या रांगेसमोर प्लास्टिकच्या खुर्चीत बसायचे आणि काठीने दाखवायचे.

"डावीकडं घ्या ती चौकट. आरं डावीकडं! तुझा डावा न्हाई, माझा डावा!"

वर पोरं धावपळ करायची आणि खाली मामा खुर्चीच्या हातावर हात आपटायचे. चौकट सरळ उभी राहिली तरी त्यांना ती वाकडी दिसायची, कारण हाताने दाबून पाहता येत नव्हती. एका प्रयोगाच्या आधी सगळे मेकअपला गेले तेव्हा मी त्यांना पाहिलं. ते खुर्चीतून उठले, रंगमंचाच्या कडेला दोन्ही तळहात टेकून उभे राहिले, विहिरीत वाकून बघतात तसं आत बघितलं आणि परत येऊन बसले. मी तिकिटांचे अर्धे तुकडे मोजत होतो, ते पुन्हा पहिल्यापासून मोजावे लागले.

डॉक्टरांनी सांगितलं होतं, सांधे बदलले तर मामा पुन्हा पायऱ्या चढतील. एक गुडघा आधी, दुसरा वर्षाने. धर्मादाय दवाखान्यात सवलत धरूनही एका गुडघ्याला सव्वा लाख. मामांकडे पंचेचाळीस हजार होते. उरले ऐंशी हजार. नंदूच्या डोक्यातून निघालं की कोठी रिकामी करू. कपडेपट, प्रॉपर्टी म्हणजे मंचावर लागणाऱ्या वस्तू, जुन्या फळ्या सगळं विकू. किरकोळ वस्तूंचा दोन दिवस जुना बाजार आणि चांगल्या वस्तूंचा रविवारी दुपारी लिलाव.

कोठीचं दार उघडलं तो रविवार मला वासासकट आठवतो. पत्र्याच्या भोकांतून उन्हाच्या काड्या आत आल्या होत्या आणि त्यांत धूळ हळूहळू वर चढत होती. सुनंदाने तोंडाला ओढणी बांधली. पहिल्या ट्रंकेत शालू निघाले, गोणपाटाला रेशमी काठ लावून शिवलेले. लांबून प्रेक्षकाला भरजरी दिसावेत इतकेच. दुसऱ्या ट्रंकेत पागड्या, खोट्या मिशांची पुडकी, एका पुडक्यावर नंदूच्या अक्षरात 'खलनायक, जाड'. लाकडी तलवारी अकरा. पत्र्याचे मुकुट चार, त्यातल्या एकाच्या आत कोणीतरी डोकं खरचटू नये म्हणून जुन्या बनियनचा तुकडा चिकटवलेला. पोलिसांचे गणवेश निघाले ते मी बाजूला काढले. नंदू म्हणाला, "अरे, त्यालाच चांगला भाव येईल." मी म्हणालो, "म्हणूनच नको."

मी वहीत रकाने आखले होते. क्रमांक, वस्तू, स्थिती, बोलीची सुरुवात. चार रविवार लागले. एकशे बारा वस्तू झाल्या. टवका कुठे उडाला आहे, कोणत्या खुर्चीचा कोणता पाय हलतो, सगळं लिहिलं. क्रमांक सदतीस: भिंतीवरचं घड्याळ, निळं, बंद, चार वाजून दहा मिनिटं, काचेला कोपऱ्यात चीर, दीडशे रुपये. हे मी माझ्या हाताने लिहिलं आहे. वही आजही उघडली की ती ओळ माझ्याकडे बघते.

नाटकातली घड्याळं बंदच ठेवतात. पडदा वर जातो तेव्हा गोष्टीत पहाट असते आणि खरी वेळ संध्याकाळची साडेसहा. चालतं घड्याळ असेल तर प्रेक्षक गोष्ट सोडून त्याच्याकडेच बघत बसतो. म्हणून मामा आतलं यंत्र काढून फडक्यात बांधून ठेवायचे आणि काटे हाताने लावायचे. हे त्यांनीच मला सांगितलं होतं.

सामानाची यादी झाली, पण ज्यांच्यासाठी केली त्यांना कोणी विचारलं नव्हतं. एका दुपारी मी आणि नंदू भिंगारला मामांच्या घरी गेलो. मामा पलंगावर पाय लांब करून बसले होते, गुडघ्यांना एरंडाची पानं बांधलेली. मामींनी चहा ठेवला. नंदूने सांगायला सुरुवात केली. तो नट, त्यामुळे जरा जास्तच आवाज लावला. मामांनी त्याला अर्ध्यात थांबवलं.

"मी काय मेलोय व्हय रं? माझ्या नावानं डबा फिरवताय?"

"डबा नाही हो मामा. बाजार आहे. वस्तू विकायच्या."

"कुणासाठी?"

"मंडळाचा निधी. गरजू कलावंतांना मदत म्हणून."

"किती हायत असे गरजू?"

नंदू माझ्याकडे बघू लागला. मला खोटा आकडा सांगता येत नाही. मी म्हणालो, "सध्या एक."

मामी स्वयंपाकघराच्या दारात पदर तोंडाला लावून हसल्या. मामा हसले नाहीत. ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "आजवर मी कुणाचं फुकटचं घेतलं न्हाई. आता गुडघ्यासाठी घेऊ? बसून राहीन की. बसून कुणी मरत न्हाई." मग चहा पिऊन होईपर्यंत ते फक्त सागवानाच्या भावाबद्दल बोलत राहिले. हो म्हणाले नाहीत. निघताना मामी मला दाराशी हळूच म्हणाल्या, "आंघोळीच्या मोरीत जाताना भिंत धरत्यात ओ. माझ्यासमोर धरत न्हाईत, मी वळले की धरत्यात." नंदू रस्त्यात म्हणाला, पैसे तर जमवू. मी म्हणालो, ज्याला द्यायचे तो घेणार नसेल तर ते पैसे आपण कोणत्या खात्यात दाखवायचे? त्याने गाडीला किक मारली.

बाजार मात्र असा भरला की मी पावत्या लिहून लिहून मनगट चोळत बसलो. सभागृहाच्या आवारात चिंचेखाली आम्ही सतरंज्या टाकल्या होत्या. मंडळातली पोरं मुकुट घालूनच गिऱ्हाइकं बोलावत होती. शेजारी एका बाईंनी हुरडा भाजायला घेतला होता. शेवचटणी, गूळ, कोवळा हुरडा; लोक एका हाताने हुरडा मळत आणि दुसऱ्या हाताने शेरवानी अंगाला लावून बघत. संमेलनांचे दिवस, त्यामुळे आसपासच्या शाळांचे गुरुजी-बाई जथ्याने आले. पारनेरकडच्या एका गुरुजींनी अकरापैकी नऊ तलवारी घेतल्या आणि म्हणाले, "दोन राहू द्या, आमच्याकडे मावळे नऊच आहेत." एका माणसाने राजाचा अंगरखा घेतला. कशासाठी विचारलं तर म्हणाला, "घरी घालीन. थंडी आहे." ज्यांनी वर्षानुवर्षं आमची नाटकं पाहिली ते लोक वस्तू हातात घेऊन उलटसुलट करत होते आणि एकमेकांना सांगत होते, "हा तो तिसऱ्या अंकातला कंदील." लांबून सोन्याचं वाटलेलं जवळून पुठ्ठ्याचं निघालं तरी कोणी नाराज होत नव्हतं. उलट ते हलकं आहे हे हातात धरून बघायची त्यांना मौज वाटत होती. माझ्या कंपनीत बेअरिंग हलकं निघालं तर आम्ही परत पाठवतो.

रविवारी चारला लिलाव. दोनशे खुर्च्या, त्यातल्या दीडशेवर माणसं. नंदूने ठेवणीतला कोट घातला होता. सुरुवात चांगली झाली. श्रीरामपूरहून एक जुन्या फर्निचरचा व्यापारी आला होता, त्याने जुन्या फळ्या आणि लाकडी चौथरे एकगठ्ठा अठरा हजारांना घेतले. मी दोनदा आकडा विचारून घेतला. मग सदतीस क्रमांक आला. नंदूने घड्याळ डोक्यावर धरलं.

"आकाशाच्या रंगाचं, अस्सल सागवानी, शाही घड्याळ! दीडशेपासून!"

सुनंदाने माझ्या बरगडीत कोपर मारलं. "अहो. ते आपलं आहे."

"कोणतं आपलं?"

"माझ्या मामाने लग्नात दिलेलं. ती चीर बघा. आपल्या बंटीने लहानपणी चेंडू मारला होता."

मी काही बोलायच्या आत मागच्या रांगेतून आवाज आला. "थांब रं नंद्या! खाली ठेव ते. ते यांच्या घरचं हाय."

गुलाबमामा. रिक्षा करून आले होते आणि फाटकाशेजारच्या खुर्चीत काठीवर हनुवटी टेकून बसले होते. कधीपासून बसले होते देव जाणे.

मग उलगडत गेलं. नाटकाला लागणाऱ्या वस्तू विकत कोण घेतो? आमच्यासारखी मंडळं त्या लोकांच्या घरांतून मागून आणतात. आठ दिवसांत परत देतो म्हणतात. वस्तू आणली की मामा तिच्या पोटाखाली खडूने मालकाचं नाव लिहायचे. पण प्रयोग लांबायचे, मग दुसरं नाटक यायचं, त्यात त्याच खुर्चीला हिरवा रंग, पुढच्या नाटकात पांढरा, त्याच्या पुढच्या नाटकात सोनेरी. आमच्या तपकिरी घड्याळावर परीकथेसाठी निळा रंग बसला, तबकडीवर नवा कागद चिकटला. खडूतली नावं रंगाखाली गेली. ती उरली एका माणसाच्या डोक्यात, आणि त्या माणसाला आम्ही यादी करताना बोलावलंच नव्हतं, कारण यादी त्याच्यासाठी होती.

माझ्या वहीत पाय हलतो का याचा रकाना होता. वस्तू कोणाची याचा नव्हता. एकोणतीस वर्षं जो माणूस स्टोअरमध्ये 'कोणाकडून आलं' हे आधी लिहितो, त्याने स्वतःच्या भिंतीवरचं घड्याळ दीडशे रुपयांना विकायला काढलं होतं.

मी उभा राहिलो. मला बोलायची सवय नाही, पण हे बोलायलाच हवं होतं. म्हणालो, "जे उसनं आहे ते विकता येणार नाही. ज्याचं त्याने घेऊन जावं. फुकट." नंदूने माझ्याकडे असं बघितलं की त्याचे त्या वेळचे भाव मंचावर कधी दिसले असते तर त्याला बक्षीस मिळालं असतं.

"अरे, अर्धी कोठी जाईल!" तो दबक्या आवाजात म्हणाला, पण नटाचाच आवाज तो. "मामांच्या गुडघ्याचं काय?"

मामांना ते ऐकू गेलं. "लोकांच्या वस्तू इकून माझं गुडघं व्हय?" ते म्हणाले. "आणा इकडं एकेक."

मग पुढचा पाऊण तास लिलाव मामांनी चालवला. पोरं एकेक वस्तू त्यांच्यासमोर आणत, मामा काठीने उलटी करायला लावत, बोटाने चाचपत आणि नाव घेत. शिंदेबाई, निवृत्त मुख्याध्यापिका, दुसऱ्या रांगेतून उठल्या. "माझा पाट! चौदा वर्षं दिवाळीत मला एक पाट कमी पडतो, आणि मी सुनेवर संशय घेत होते." पाट काखेत मारून त्या सरळ बाहेर पडल्या. एक पैसा ठेवला नाही. मागे कोणीतरी म्हणालं, "आता सुनेची माफी मागायला निघाल्या." कापडबाजारातल्या मिठाईवाल्याचा मुलगा उठायलाच तयार नव्हता.

"तुझ्या बापाचा तराजू हाय ह्यो," मामा म्हणाले.

"नाही मामा, आमचा नाही."

"मी सोता आणलाय तुझ्या दुकानातनं. तू तवा बाकड्याखाली पेढं खात हुतास."

"नसेल हो आमचा. पण मला आवडलाय. दोन हजार लिहा." त्याने कुठेच न बघता मला सांगितलं. मी लिहिले. ती पावती चुकीची आहे हे मला तेव्हाही कळत होतं. आयुष्यात जाणूनबुजून चुकीची लिहिलेली ती एकच पावती.

तेवीस वस्तू उसन्या निघाल्या. काहींनी त्या नेल्या आणि पैसे ठेवले. काहींनी नेल्या, पैसे ठेवले नाहीत आणि त्यांना तो हक्कच होता. मी मनात बेरीज करत होतो. आठ-नऊ हजार कमी पडणार होते. पण खरी अडचण ती नव्हती. मामांनी अजून हो म्हटलं नव्हतं, आणि पुन्हा विचारायची कोणाची छाती नव्हती. समोर माणूस बसला आहे, त्याच्यासाठी लोक पैसे टाकत आहेत, आणि तो दुसऱ्याच कामात गुंतल्यासारखा पाट-पितळी ओळखत बसला आहे.

शेवटी घोडा राहिला. मामांनी स्वतः केलेला, मंडळाच्या लाकडाचा. कोणाचाही उसना नाही. नंदूने शंभरपासून सुरुवात केली.

मामांची काठी वर गेली. "एकशे धा."

सगळं आवार गप्प झालं. हुरड्याच्या बाईंनीसुद्धा मान वर केली. मामांच्या विरुद्ध कोण बोलणार? नंदू मोजू लागला. "एकशे दहा एक वार... एकशे दहा दोन वार..."

"ए थांब!" मामा ओरडले. त्यांचा चेहरा लाल झाला होता. "कुणीतरी बोला की! लिलाव हाय का तेरावा? गप का बसलाय समदे?"

लोक खाली बघत होते. त्या क्षणी मला वाटलं की हे फार वाईट संपणार. मामा उठतील, रिक्षा करतील, जातील, आणि जमलेले पैसे माझ्या पेटीत तसेच राहतील.

"दीडशे," सुनंदा म्हणाली.

मी तिच्याकडे वळलो. "अगं, आपल्याला घोडा कशाला?"

"तुम्ही गप्प बसा हो."

मामांनी डोळे बारीक करून तिच्याकडे पाहिलं. "एकशे साठ."

"दोनशे."

"सुनंदाबाई, तुमी घोडा ठेवणार कुठं? घर केवढं, घोडा केवढा!"

"ते माझं मी बघेन. पंखे पुसायला लागतो. तुम्ही पुढं बोला, मामा. परवडत नसेल तर राहू द्या."

कोणीतरी "हो!" म्हणून ओरडलं. मामांनी खुर्ची पुढे ओढली. "अडीचशे!" "पावणेतीनशे." "तीनशे!" "तीनशे वीस." आता लोक हसत होते, दोन बाजू पडल्या होत्या, मिठाईवाला मामांच्या बाजूने आणि हुरड्याच्या बाई सुनंदाच्या. मामा जवळजवळ उठून उभेच राहिले होते. "ह्यांना पंखे पुसायला घोडा पायजे! चारशे!" सुनंदा थांबली. पर्स उघडली, आत बघितलं, बंद केली. "घ्या मामा. माझ्याकडे एवढे नाहीत."

तिच्या पर्समध्ये अकराशे रुपये होते. सकाळी मीच दिले होते.

नंदूने तीन वार म्हटलं. मामा कोणाचा हात न धरता, काठी टेकत, एकेक पाऊल वजन करून टाकत माझ्या टेबलापाशी आले. सदऱ्याच्या आतल्या खिशातून चार नोटा काढल्या. "पावती लिवा. नाव नीट लिवा." मी लिहिली. त्यांनी ती लांब धरून वाचली, घडी केली. मग टेबलावरच्या पैशाच्या पेटीकडे बघत म्हणाले, "ह्यात माझं बी पडलं आता."

"पडलं," मी म्हणालो.

"मग सांगा. डाक्टरकडं कवा जायाचं? सोमवारी नको. सोमवारी माझा उपास असतो."

मी कॅलेंडर बघायच्या निमित्ताने खाली वाकलो आणि जरा वेळ खालीच राहिलो.

त्या संध्याकाळी ऊन उतरताना आवारात फक्त दोऱ्या, चुरगळलेले कागद आणि हुरड्याची बोंडं राहिली होती. घरी येताना सुनंदाच्या मांडीवर निळं घड्याळ होतं. मी विचारलं, "तुला कसं सुचलं?" ती म्हणाली, "त्यात सुचायचं काय? मी त्यांचं माप घेतलंय ना सदऱ्यासाठी. माप घेताना हात वर करा म्हटलं की ते करतात. पण कोणी त्यांचे हात धरून वर केले की चिडतात." कपडे शिवणाऱ्या बाईचा हा हिशेब मला एकोणतीस वर्षांत जमला नसता.

पैसे कसे जमले ते सांगून टाकतो, नाहीतर वाचणाऱ्याला चुटपुट लागेल. बाजार आणि लिलाव मिळून बहात्तर हजार सहाशे. उरलेले सात हजार चारशे पुढच्या पंधरा दिवसांत आले. त्यांत एक पाकीट शिंदेबाईंच्या सुनेने आणून दिलं, आत हजार रुपये. सासूबाईंनी खरंच माफी मागितली का, हे मी विचारलं नाही. तेवढं कुतूहल मी आवरतो.

माझं नाटक बघणं मात्र तेव्हापासून बदललं. पडदा वर गेला की मी गोष्टीच्या आधी सामान बघतो. मंचावर एक गरीब शिक्षक वेताच्या खुर्चीत बसून मुलीच्या लग्नाची काळजी करत असतो आणि मला ठाऊक असतं की ती खुर्ची एका वकिलाच्या गच्चीवरची आहे. सावकाराच्या तिजोरीवरचा देव्हारा शेजारच्या आळीतल्या रिक्षावाल्याचा असतो. आमच्या गावाने किती वर्षं आपापल्या घरातलं काही ना काही त्या चौकटीत नेऊन ठेवलं आहे, आणि मग तिकीट काढून समोर बसून तेच आपलं घर परक्यासारखं पाहिलं आहे. मला यात काही फार मोठं सांगायचं नाही. पाहताना बरं वाटतं एवढंच.

बाजार आता दर वर्षी होतो. गेल्या वर्षी मामांचा दुसरा गुडघा आणि एका पेटीवादकाच्या डोळ्यांचं काम झालं. यंदा रंगभूषा करणाऱ्या एका बाईंच्या मुलीची परिचारिकेच्या अभ्यासाची फी आहे. त्या बाईंनी आधीच सांगून ठेवलं आहे, लिलावात त्या स्वतः दोन वस्तूंवर बोलणार आणि त्यांना कोणी सोडायचं नाही. आता ही रीतच पडली आहे. ज्याच्यासाठी बाजार, त्याने बोली लावायची आणि बाकीच्यांनी त्याला घाम फोडायचा.

या रविवारी आम्ही कोठी उघडली. पुढच्या आठवड्यात मंडळाचा एक प्रयोगही आहे, त्याचं नेपथ्य सभागृहात उभं राहतंय. सामानाची पहिली खेप घेऊन मी तिथे पोचलो तेव्हा मामा रिक्षातून उतरत होते. काठी नव्हती. मला हात करून ते आत गेले, खुर्च्यांच्या मधल्या वाटेने थेट मंचापाशी. तिथे सात पायऱ्या आहेत. मी हातातली पेटी खाली ठेवली. मामांनी कठड्याकडे पाहिलंसुद्धा नाही. एक पाय, मग दुसरा, मध्ये न थांबता सातही चढले आणि नव्या भिंतीच्या चौकटीसमोर उभे राहिले. तळहाताने ती दाबली. मग कान लावून बोटाच्या पेराने दोन ठिकाणी ठोकून पाहिली.

पोरं हातातलं काम टाकून बघत होती.

"ह्यो खिळा कुणी मारलाय?" मामा गरजले. "इकडं ये. काढ तो. पयल्यापासनं मार."